परवाना असो वा नसो

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्याचे बारावे कलम आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे विसावे कलम शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर एक पद दोन्हीकडे जसेच्या तसे आढळते. मराठीत त्याचा अर्थ 'परवाना असो वा नसो' असा होतो. एखादा इसम हत्यार नेताना आढळला आणि त्याची तऱ्हा किंवा भोवतालची परिस्थिती पाहून, हे हत्यार बेकायदा कामासाठी वापरले जाणार असा रास्त संशय आला, तर त्याला वॉरंटावाचून अटक करता येते. त्याच्याजवळ परवाना असो वा नसो. मधल्या ऐंशी वर्षांत राज्य बदलले, राज्यघटना आली, कायदा नव्याने लिहिला गेला. हे चार शब्द मात्र टिकून राहिले.

साहित्याचे विद्यार्थी कायदे सहसा वाचत नाहीत. पण कायदा हाही एक पाठ असतो, त्याला निवेदक असतो, त्यात पात्रे असतात आणि कोणते पात्र विश्वासार्ह मानायचे हे त्याच्या वाक्यरचनेतच ठरलेले असते. त्या दृष्टीने हे चार शब्द वाचून पाहावेत, असे आम्हाला बऱ्याच दिवसांपासून वाटत होते. वाचताना एक प्रसंग डोळ्यांपुढे ठेवू. अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रीची नाकाबंदी आहे. एक मोटार थांबवली जाते. चालवणाऱ्याच्या कमरेला सदऱ्याखाली पिस्तूल आहे आणि खिशात त्या पिस्तुलाचा वैध परवाना. त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही. तरीही पुढच्या दोन मिनिटांत काय घडेल, हे केवळ त्या परवान्यावर अवलंबून नाही. ते आणखी कशावर अवलंबून आहे, हा या लेखाचा विषय.

मोर्शी निवडण्याचे कारण केवळ जवळीक हे नाही. पूर्वीचा मोर्शी तालुका, ज्यात वरूड आणि शेंदुरजनाही येत, सीमेवरचा तालुका होता. १८०३ मध्ये गाविलगड पडल्यानंतर देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे, तर पूर्वेचा नागपूरकर भोसल्यांकडे राहिला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तरी ते ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झाले नाही. तेथले कायदे वऱ्हाडात आपोआप चालत नसत, स्वतंत्र हुकमाने ते लागू करावे लागत. म्हणजे मोर्शीचा माणूस नदी ओलांडून आष्टी-आर्वीकडे गेला किंवा डोंगर चढून बैतूलच्या बाजूला उतरला, की तो एका राज्यव्यवस्थेतून दुसरीत जाई. हत्यार खांद्यावर असेल तर या जाण्याला वेगळाच अर्थ येई.

(१)

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत मार्च १८७८ मध्ये दोन कायदे लागोपाठ आले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर अंकुश ठेवला, दुसऱ्याने हत्यारांवर. १८५७ च्या उठावानंतर हत्यारांच्या नियंत्रणाचे कायदे झाले होतेच, १८६० चा कायदाही होता. पण १८७८ च्या कायद्याने देशभरासाठी एक पक्की चौकट घातली. तेराव्या कलमान्वये परवान्याविना, किंवा परवान्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर, कोणीही हत्यारबंद होऊन फिरू नये असे ठरले. असा माणूस दिसल्यास मॅजिस्ट्रेट वा पोलीस अधिकारी त्याचे हत्यार काढून घेऊ शके. विसाव्या कलमाने आणखी एक पायरी चढवली. सरकारी नोकराला कळू नये अशा हेतूने, म्हणजे लपवूनछपवून, कायद्यातील ठरावीक गुन्हे केले तर शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून सात वर्षांवर जाई. हत्यार बाळगण्यापेक्षा ते दडवणे राज्यकर्त्यांना अधिक भयंकर वाटत होते, हे या आकड्यांतून दिसते.

या कायद्याखालच्या नियमांत सवलतींची एक यादी होती. युरोपीय व अँग्लो-इंडियन व्यक्तींना वैयक्तिक वापराच्या हत्यारांसाठी परवान्याची गरज नसे. काही संस्थानिक व पदवीधारी हिंदी लोकांनाही सूट होती. १९२० च्या नियमांनी वंशावर आधारलेली ही सूट काढून टाकली. तोवर चार दशकांहून अधिक काळ अशी स्थिती होती की एकाच रस्त्यावर एकाच बनावटीची बंदूक घेऊन दोन माणसे निघाली, तर एकाला कागद दाखवावा लागे आणि दुसऱ्याचा चेहरा हाच कागद ठरे.

याच काळात, विशेषतः १८७१ आणि १९११ च्या कायद्यांनी, काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. पारधी, भामटे यांसारख्या जमातींच्या लोकांना निरनिराळ्या प्रांतांत हजेरी द्यावी लागे आणि नेमून दिलेली हद्द सोडायची तर पास घ्यावा लागे. म्हणजे त्या रस्त्यावर आता तिसरा माणूस येतो. त्याच्या हातात काहीच नाही, तरीही त्याला कागद लागतो. बंदूकधारी साहेबाला कागद नको, बंदूकधारी देशमुखाला कागद हवा आणि रिकाम्या हाताच्या पारध्यालाही कागद हवा. हे तिघे एका चित्रात उभे केले, की हत्यारांचा कायदा वस्तूंविषयी कमी आणि माणसांविषयी अधिक बोलत होता हे लक्षात येते. हत्यार धोकादायक आहे की नाही, हे ते कोणाच्या हातात आहे यावरून ठरे. आणि काही हात तर हत्यार नसतानाही धोकादायक मानले जात.

'परवाना असो वा नसो' हे पद या व्यवस्थेत नेमके काय काम करीत होते? वरवर पाहता ते सावधगिरीचे पद आहे. परवानाधारकही गुन्हा करू शकतो, तेव्हा परवाना म्हणजे अभय नव्हे, इतकाच त्याचा अर्थ. पण संशय रास्त आहे हे ठरवणारा कोण? १८७८ च्या कलमात अटकेचा हा अधिकार 'कोणत्याही व्यक्ती'ला दिलेला होता. पोलीसच हवा असे नव्हते. म्हणजे कलेक्टरने सहीशिक्क्यानिशी दिलेला विश्वास रस्त्यावरचा कोणीही माणूस आपल्या संशयाच्या बळावर तात्पुरता रद्द करू शकत होता. हिंदी माणसाला मिळालेला परवाना मुळातच अर्धा होता, असे आम्हाला वाटते ते यामुळे.

(२)

निःशस्त्र केले जाण्याचा सल राष्ट्रीय चळवळीत सुरुवातीपासून होता. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये हत्यारांच्या कायद्याचा प्रश्न मांडला गेला आणि तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर बोलले. पुढे हा विषय वारंवार येत राहिला. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले, सी. शंकरन नायर अध्यक्ष होते. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती आणि अधिवेशन भरले तेव्हा टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. वऱ्हाडच्या भूमीवर जमलेल्या त्या मंडळींच्या मनात शस्त्र आणि शब्द या दोहोंवरील बंधने एकाच वेळी जागी असणार. दहा वर्षांनंतर, १९०८ मध्ये, 'केसरी'तील 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या ज्या अग्रलेखासाठी टिळकांना पुन्हा शिक्षा झाली, त्यातही राष्ट्राच्या निःशस्त्रीकरणाचा मुद्दा होता. त्या शिक्षेविरुद्ध खटपट करण्यासाठी विलायतेस गेले ते अमरावतीचेच दादासाहेब खापर्डे. अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या गांधींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत अग्रस्थान दिले होते, ही गोष्ट अनेकांना आजही चकित करते.

अमरावतीने या स्थितीला आपल्या परीने एक उत्तर दिले. १९१४ मध्ये येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. लाठी, लेझीम, मल्लखांब यांचे शिक्षण सुरू झाले आणि १९३६ मध्ये मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपली प्रात्यक्षिके दाखवली. तलवार आणि भाला कायद्याच्या व्याख्येत 'हत्यार' होते, लाठी नव्हती. १९५९ च्या अधिनियमाने तर लाठी व साधी हातकाठी या केवळ घरगुती वा शेतीच्या वस्तू म्हणून व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळल्या. आपल्याकडच्या व्यायामशाळांच्या परंपरेकडे पाहताना या कायदेशीर सीमारेषेचा विचार फारसा झालेला नाही. तो व्हायला हवा.

स्वातंत्र्य दृष्टिपथात येऊ लागले तशी ही मागणी हक्काच्या भाषेत उतरली. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट होता. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत त्याची आठवण करून देणारी दुरुस्ती मांडली ती हरि विष्णु कामत यांनी. ते मध्यप्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य होते. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सर्व नागरिकांना सरसकट असा मूलभूत हक्क देण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. दुरुस्ती फेटाळली गेली. आज राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख येतो तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या हक्कात. परक्या राज्याकडे जे मागितले होते, ते स्वतःच्या राज्याने नाकारले.

या नकाराला भाबडेपणाने विसंगती म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. १९४८ हे वर्ष कसे होते, हे आठवावे. जानेवारीत गांधींचा खून पिस्तुलानेच झाला होता, फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. ज्या समाजात शस्त्र विकत घेण्याची ऐपत जातीने आणि जमिनीने ठरते, तेथे शस्त्राचा समान हक्क प्रत्यक्षात कोणाच्या हाती शस्त्र देईल, हा प्रश्नही होताच. आम्हाला तो नकार योग्य वाटतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. हक्क नाकारून परवाना ठेवला, तर त्या परवान्याला पूर्ण किंमत दिली का?

(३)

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून नियमांसह अमलात आला. त्याच्या उद्देशपत्रात जुन्या कायद्यामागची निःशस्त्रीकरणाची वृत्ती मोकळेपणाने सांगितली आहे आणि ज्यांचे पूर्वचरित्र वा प्रवृत्ती आड येत नाही अशा सर्व नागरिकांना परवान्याखाली आत्मरक्षणाची शस्त्रे मिळावीत, असे म्हटले आहे. तेथे शब्द हक्काचा नाही, विशेष सवलतीचा आहे.

तरीही या अधिनियमाचे एकोणिसावे कलम रस्त्यावरच्या त्या प्रसंगाला एक शिस्त लावते, आणि ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पायऱ्या चार आहेत. पहिली पायरी, पोलीस अधिकारी शस्त्र नेणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. दुसरी, परवाना दाखवला नाही, किंवा परवान्याविना शस्त्र बाळगण्याचा अधिकार सिद्ध केला नाही, तर नाव-पत्ता विचारता येतो. तिसरी, आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करता येते. चौथी, नाव-पत्ता नाकारला, खोटा वाटला किंवा माणूस पळून जाईल असे वाटले, तरच वॉरंटाशिवाय अटक. १८७८ च्या तेराव्या कलमात हत्यार काढून घेणे थेट होते. येथे आधी प्रश्न आहे. नागरिकाला उत्तर देण्याची संधी आहे. दोन कायद्यांतला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा फरक हाच.

परंतु पुढचेच कलम विसावे आहे. एकोणिसाव्यात परवाना दाखवला की प्रश्न मिटतो. विसाव्यात परवाना दाखवूनही मिटत नाही. पूर्वी अटकेचा हा अधिकार कोणाही व्यक्तीला होता, तो आता मॅजिस्ट्रेट, पोलीस, इतर सरकारी नोकर आणि रेल्वे वा इतर वाहनांवर काम करणाऱ्यांपुरता आवळला गेला, ही सुधारणा खरी. पण ते चार शब्द राहिले. नाक्यावरचा शिपाई एकोणिसाव्या कलमाच्या खोलीत उभा राहणार की विसाव्याच्या, हे त्या क्षणी त्याच्या मनात उमटणाऱ्या संशयावर ठरते. 'रास्त' हे विशेषण न्यायालयात तपासले जाईल, पण पुष्कळ नंतर. रस्त्यावर ते विशेषण एकट्या संशय घेणाऱ्याच्या ताब्यात असते.

याच १९५९ साली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एकीकडे संसद नागरिकाच्या शस्त्राची नवी व्याख्या करीत होती. दुसरीकडे मराठी कादंबरी हजेरीच्या जाचाखालच्या माणसाला तलवारीसह नायक करीत होती. गुन्हेगार जमातींचा कायदा तोवर, १९५२ मध्ये, रद्द झालेला होता. पण तो पोलिसांच्या स्मृतीतून गेला नव्हता, हे पुढे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने (१९८७) सविस्तर सांगितले. ज्याला अडवले जाते त्याच्या बाजूने अडवले जाणे कसे दिसते, हे मराठीत लिहिले ते प्रामुख्याने कागद नसलेल्या माणसांनी. कागद असलेल्याचा अनुभव आपल्या वाङ्मयात जवळजवळ नाही. कदाचित परवानाधारक हा सत्तेच्या जवळचा माणूस, त्याला काय सांगायचे असणार, असे आपण गृहीत धरले असावे. मोर्शीच्या शिवारात हे गृहीतक टिकत नाही.

(४)

मोर्शी-वरूड हा संत्र्याच्या बगिच्यांचा पट्टा. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर, पश्चिमेला पुढे मेळघाट. बगिच्यात आणि हरभऱ्या-तुरीच्या शेतात रानडुकरे आणि रोही शिरतात. शेतकरी रात्री जागल करतो. अशा शेतकऱ्यासाठी १९५९ च्या अधिनियमात एक वेगळी तरतूद आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, नकाराची कायदेशीर कारणे नसतील तर, परवाना दिला जाईल असे तेराव्या कलमात म्हटले आहे. इतर बऱ्याच शस्त्रांसाठी अर्जदाराला आपली गरज पटवून द्यावी लागते. संपूर्ण कायद्यात शेतकऱ्यावर इतका विश्वास दाखवणारी जागा बहुधा हीच.

पण ही बंदूक चालवायची कोठे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये रानडुक्कर किंवा रोही मारायला अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी लागते. अभयारण्यात शस्त्रासह शिरायचे तर तेथे निराळी लेखी परवानगी. परिणामी एका परवान्याने बाळगलेल्या बंदुकीचा बार दुसऱ्या परवानगीशिवाय आवाजापुरताच राहतो. मध्यरात्री खांद्यावर ठासणीची बंदूक घेऊन गावाकडे परतणारा शेतकरी वनखात्याच्या माणसाला भेटला, तर परवाना खरा असूनही संशयाला जागा असतेच. शिकारी आणि राखण करणारा यांच्यात बाहेरून दिसणारा फरक फार थोडा असतो. आपल्या गावात, आपल्या ठाण्याच्या हद्दीत, त्याला सगळे ओळखतात. परवाना देताना अहवाल मागवला जातो तो जवळच्या ठाण्याच्या अंमलदाराकडूनच. खरा प्रश्न हद्द ओलांडल्यावर येतो.

हद्दीचा प्रश्न येथे पुस्तकी नाही. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात चालेल हे लिहिलेले असते : जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि मोर्शी व बैतूल एका प्रशासनाखाली आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, बैतूल मध्यप्रदेशात राहिले, आणि जी रेषा त्रेपन्न वर्षे पुसट झाली होती ती पुन्हा उमटली. सालबर्डी अगदी त्या रेषेवर आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते, दोन्ही राज्यांतून माणसे येतात. केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असलेला माणूस चार पावले पुढे गेला की त्याचा कागद निरर्थक होतो. शिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचा परिसर येथे खास परवानगीवाचून शस्त्र नेऊ नये, ही अट परवान्याच्या नमुन्यातच छापलेली असते. माणूस तोच, बंदूक तीच, हेतूही तोच. पायाखालची जमीन आणि तिथी बदलली की प्रामाणिक परवानाधारक गुन्हेगार ठरू शकतो. निवडणूक लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हाही हाच अनुभव येतो. परवाना म्हणजे कायमचा विश्वास नव्हे, स्थळकाळाने बांधलेली उसनवारी आहे, हे सीमेवरच्या माणसाला लवकर कळते.

याच्या उलट एक उदाहरण देशातच आहे. कर्नाटकातील कोडगूच्या कोडवा समाजाला ब्रिटिश काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ती आजही चालू आहे आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. परंपरेच्या आधारे एका समुदायावर पूर्ण विश्वास टाकता येतो, हे कायद्याला माहीत आहे असा याचा अर्थ. तो विश्वास कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या वाट्याला आली नाही तर हजेरी, याचा हिशेब मांडायचा झाला तर पुन्हा १८७८ आणि १८७१ कडेच जावे लागते.

(५)

येथवर बंदूक दिसणारी होती. ठासणीची बंदूक लपत नाही. पिस्तूल लपते, आणि आता कायदा ते झाकायलाच सांगतो. १५ जुलै २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तुलासारखे शस्त्र अंगाला बांधलेल्या म्यानात किंवा पाठपिशवीत असले पाहिजे, ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचे त्यावर प्रभावी नियंत्रण असले पाहिजे. १८७८ मध्ये दडवणे हे गुन्ह्याला अधिक गडद करणारे होते. २०१६ मध्ये झाकणे हे सभ्य परवानाधारकाचे कर्तव्य झाले. यात तर्क आहे. उघडे शस्त्र दहशत पसरवते, आपल्याकडे लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत ते मिरवले जाते, तेव्हा ते झाकावे हे ठीकच. पण नाक्यावरच्या प्रसंगाचे रूप त्यामुळे पालटते. पूर्वी पोलिसाला बंदूक आधी दिसे आणि माणूस नंतर. आता माणूस आधी दिसतो. बंदूक झडतीत सापडते किंवा तो स्वतः सांगतो. सापडली तर ती लपवलेली ठरते, सांगितली तर तो इशारा वाटू शकतो. 'झाकणे' आणि 'लपवणे' या दोन क्रियापदांतले अंतर ऐकणाऱ्याच्या मनात असते.

हे अंतर किती महाग पडू शकते, हे नेमके त्याच जुलै महिन्यात अमेरिकेत दिसले. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यातील फाल्कन हाइट्स येथे फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाची मोटार पोलिसाने थांबवली. तो सेंट पॉल येथील एका शाळेच्या भोजनगृहात नोकरी करीत असे. त्याच्याजवळ पिस्तूल होते आणि ते बाळगण्याचा वैध परवानाही होता. आपल्याजवळ शस्त्र आहे असे त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितले. काही क्षणांतच पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. कॅस्टील मरण पावला. जून २०१७ मध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले. ज्या देशाच्या घटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, तेथे हे घडले. आपल्याकडे हक्क नाही, परवाना आहे. त्यांच्याकडे हक्क होता आणि परवानाही होता. तरी निर्णायक ठरला तो समोरच्याच्या मनातला संशय, आणि त्या संशयाला रंग होता.

अमेरिकेचा पोलीस आणि आपला पोलीस यांची सरळ तुलना करता येणार नाही. तेथे प्रत्येक मोटारीत शस्त्र असू शकते असे धरून पोलीस चालतो. आपल्याकडे तशी शक्यता फार थोडी, त्यामुळे भीतीही थोडी. आपल्या नाक्यावर परवानाधारकाला गोळीपेक्षा रात्रभर ठाण्यात बसण्याची धास्ती अधिक असते. पण दोन्हीकडे प्रश्नाचा गाभा एकच आहे. राज्याने एका कार्यालयात बसून, चौकशी करून, शिक्का मारून एका माणसावर विश्वास ठेवला. त्याच राज्याचा दुसरा प्रतिनिधी अंधाऱ्या रस्त्यावर तो विश्वास पाळण्यास बांधलेला आहे का? की प्रत्येक नाक्यावर तो नव्याने मिळवावा लागतो?

कायदा म्हणतो, परवाना असो वा नसो. या शब्दांचे आम्हाला दोन अर्थ दिसतात. एक राज्यकर्त्याचा : कागद तुला वाचवील या भ्रमात राहू नकोस. दुसरा अर्थ कोणी लिहिलेला नाही, पण वाक्याची रचना त्याला वाव देते : परवाना असो वा नसो, समोर उभा आहे तो माणूस आहे, त्याला आधी विचारावे. एकोणिसाव्या कलमाने हा दुसरा अर्थ अर्धामुर्धा ओळखला, म्हणून तर त्याची पहिली पायरी प्रश्नाची आहे. विसाव्या कलमाची दुरुस्ती व्हायची असेल तेव्हा होईल. निदान संशयाची कारणे तेथल्या तेथे लिहून त्या माणसाला द्यावीत, इतकी तरतूद त्यात यावी असे आम्हाला वाटते. ती परवानाधारकाच्या जितकी उपयोगी, तितकीच पोलिसाच्याही. आणि तिचा सर्वाधिक उपयोग त्याला, ज्याच्या पूर्वजांकडे पास नसेल तर चोर आणि असेल तर नजरेखालचा चोर, अशा दोनच शक्यता ठेवल्या होत्या.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी येथे एक काम शिल्लक आहे. मोर्शी-वरूडच्या शेतकऱ्यांच्या घरी ठासणीच्या बंदुकीबरोबर जुने परवाने असतील. त्यांवर नूतनीकरणाचे शिक्के, बदललेल्या राज्यांची नावे आणि ठाण्यात जमा केल्याच्या नोंदी असतील. आजोबांच्या परवान्यावर मध्यप्रांत व वऱ्हाड, वडिलांच्या परवान्यावर मुंबई राज्य, मुलाच्या परवान्यावर महाराष्ट्र, असा इतिहास एका पत्र्याच्या पेटीत सापडू शकतो. त्या कागदांबरोबर ते दाखवावे लागल्याच्या आठवणीही असतील. त्या वऱ्हाडीत सांगितल्या जातील, तेव्हा 'रास्त संशय' या शब्दांना वऱ्हाडीत काय म्हणतात हेही कळेल. कायद्याच्या मराठी भाषांतरात तो शब्द अजून सापडलेला नाही.